गरम पाण्याचे झरे व शेतीचे पाणी

ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातील तुरळ व राजापूरपर्यंत, सह्याद्रीच्या पश्चिमेस उष्ण पाण्याचे झरे ओळीने आढळतात. दापोली तालुक्यातील उन्हवऱ्याच्या तर नावातच ऊन पाणी आहे. तेथील पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते.

जमिनीखाली गंधक जळत असल्याने पाणी तापते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. हवेवाचून गंधक जळत नाही. झऱ्याजवळ येणारा उग्र वास पाण्यात विरघळलेल्या वायूचा असतो. कोकणात जिवंत ज्वालामुखीही नाही. येथील काळा पाषाण ज्या लाव्हारसाचा बनला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच निवालेला आहे.

खरे कारण साधे आहे. भूपृष्ठापासून खाली जावे तसतशी उष्णता दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते. डोंगरावर पडलेल्या पावसाचे काही पाणी खडकांतील भेगांवाटे फार खोल उतरते व तेथे तापते. तापलेले पाणी हलके होते. मागून उतरणाऱ्या थंड पाण्याचा दाबही त्यास वर रेटतो. वर येण्याची वाट सरळ व मोकळी असली तरच ते ऊन राहते. रेंगाळले तर वाटेतच निवते.

या दीर्घ प्रवासात पाणी खडकांतील क्षार विरघळवून घेते. बारमाही वाहणारा झरा पाहून शेतकऱ्यास रब्बीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पाणी रात्रभर हौदात निवविले की पिकास चालेल, असे त्यास वाटते. परंतु निवविल्याने उष्णता जाते, क्षार जात नाहीत. समजा, एका लिटरात २ ग्रॅम क्षार आहेत. एकरभर जमिनीस ५ सेंटिमीटरची एक पाळी देण्यास सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीबरोबर ४ क्विंटल क्षार शेतात पडतात! कोकणातील पाऊस त्यांपैकी बराच भाग धुऊन नेतो खरा, पण तोवर घेवड्यासारखे नाजूक पीक हातचे गेलेले असते. सोडियम अधिक असल्यास चिकण जमीन घट्ट होऊन पाणी मुरेनासे होते.

म्हणून पाट काढण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. काचेची किंवा प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून लिटरभर नमुना घ्यावा व झऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून तो जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेकडे पाठवावा. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी लगतच्या विहिरींचे नमुनेही सोबत पाठवावेत. झऱ्याचे पाणी आतून त्यांत मिसळत असल्याचा संशय पुष्कळदा कोणास येत नाही.