बर्फ का जमेना?

वैशाख लागला की जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत उन्हाचा ताप असह्य होतो. सह्याद्रीचे डोंगर करपल्यासारखे दिसतात आणि दुपारच्या वेळी रस्ते ओस पडतात. अशाच दिवसांत पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगावात, एका शेतकऱ्याच्या घरी शीतकपाट, म्हणजे आपण नेहमी ज्याला फ्रीज म्हणतो ते, बिघडले. वरच्या खणात ठेवलेल्या पाण्याचा दोन दिवस झाले तरी बर्फ होईना.

सरबतात बर्फ नसला म्हणून कोणाचे अडत नाही. परंतु घरातील आजींना मधुमेह होता आणि त्यांच्या इन्सुलिनच्या दोन न उघडलेल्या बाटल्या त्याच फ्रीजमध्ये होत्या. अशा बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. औषध फार तापले किंवा गोठले, तर त्याचा गुण नाहीसा होतो. आजींनी प्रसंगावधान राखून बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घातल्या आणि तो डबा माठातील पाण्यात ठेवला. माठ फ्रीजइतका थंड नसतो. तथापि उन्हाच्या झळांपासून तो औषधाचे काही काळ रक्षण करतो.

दुसऱ्या दिवशी मंचरहून कारागीर आला. त्याने हत्याराला हात न लावता प्रथम विचारले, “वहिनी, आतला दिवा लागतो का? यंत्राचा आवाज येतो का?”

“दिवा लागतो, भाऊ, आणि आवाज तर रात्रभर थांबत नाही.”

“म्हणजे वीज पोहोचते आणि यंत्रही चालते. मग थंडावा अडतो कोठे, तेवढे पाहू,” असे म्हणून त्याने वरचा खण उघडला. आत दोन बोटे जाडीचा हिमाचा थर साचला होता.

नातू म्हणाला, “काका, येथे तर बर्फच बर्फ आहे!”

“हाच तर बर्फ होऊ देत नाही, बाळ! या भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते. थंड नळ्यांवर जणू गोधडीच पांघरलेली!”

हे हिम आले कोठून? कारागिराने दारात कागदाचा कपटा धरून दार लावले व तो ओढून पाहिला. तीन कोपऱ्यांत कपटा घट्ट बसला. चौथ्यात अलगद निघून आला. तेथील रबरी पट्टीवर मळ साचून फट राहिली होती. त्या फटीतून बाहेरची दमट हवा आत शिरे आणि तिच्यातील बाष्पाचे हिम बने. मग त्याने फ्रीज पुढे ओढला. मागची जाळी धुळीने माखली होती व तिला कांद्याची पोती टेकली होती.

“फ्रीज गार कसा करतो?” नातवाने विचारले.

“आजींचा माठ करतो तसाच. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. फ्रीजच्या आतील नळ्यांतही एका द्रवाची वाफ होते व ती आतील उष्णता शोषते. मात्र ही वाफ उडून जात नाही. यंत्र तिला दाबून मागच्या जाळीत ढकलते. तेथे ती उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि पुन्हा द्रव होते. जाळीच कोंडली, तर उष्णता जाणार कोठे?”

१८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून जहाजाने कलकत्त्याला नैसर्गिक बर्फ आणला गेला. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने अशाच यंत्राचे पेटंट घेतले. त्या तत्त्वावर आज घरोघरी बर्फ होतो.

नातू हिम खरवडण्यासाठी सुरी घेऊन धावला. कारागिराने त्याचा हात धरला. “सुरीने नळीला भोक पडेल आणि आतला वायू निघून जाईल. पुष्कळ नव्या फ्रीजमधला वायू पेट घेणारा असतो.” त्याने आधी वीज तोडली, दार उघडे ठेवले आणि हिम आपोआप वितळू दिले. पट्टी साबणाच्या कोमट पाण्याने पुसली, जाळी ब्रशाने झाडली, पोती हलविली आणि फ्रीज भिंतीपासून थोडा दूर ठेवला. सर्व कोरडे झाल्यावरच वीज जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी खणात स्वच्छ बर्फ जमला होता.

“आता बाटल्या आत ठेवू ना?” आजींनी जाण्यापूर्वीच विचारले होते.

“आजी, फ्रीजचे मी सांगेन, औषधाचे डॉक्टरांना विचारा,” तो म्हणाला होता.

डॉक्टरांनी बाटल्या किती दिवस व कोठे होत्या याची चौकशी केली, त्या नीट पाहिल्या आणि त्यांच्यावर तारीख लिहून त्या चार आठवड्यांच्या आत वापरण्यास सांगितले.

त्या दुरुस्तीला नवा सुटा भाग एकही लागला नाही. आधी विचारणे, मग पाहणे आणि शेवटी हात लावणे, या क्रमानेच दोष सापडला. आपल्याला काय ठाऊक नाही, हे ओळखणे हाही कारागिराचा गुण होय.

स्वाध्याय
१. दिवा व आवाज यांविषयी कारागिराने आधी का विचारले?
२. माठ व फ्रीज यांत साम्य कोणते आणि भेद कोणता?
३. घरातील फ्रीजच्या दाराची कागदाने परीक्षा करा व काय आढळले ते पाच वाक्यांत लिहा.