सुरावटीखाली बेस कोणता?

प्रश्न : जुन्या रेकॉर्डवरच्या भूपातल्या सतारीचा छोटा तुकडा सॅम्पल करून त्याखाली बेस वाजवतो. प्रत्येक सुराखाली तोच सूर दिला, तरी पोकळ वाटतं. माझा कान कच्चा आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कान कच्चा असता तर पोकळपणा जाणवलाच नसता. बेसनं सुरावटीची नक्कल करायची नसते, तिला आधार द्यायचा असतो. तुकडा ज्या सुरावर थांबतो तो आधी शोधा. समजा, तो गंधार आहे. खाली षड्ज ठेवलात तर तो प्रसन्न, स्थिर वाटेल. मंद्र धैवत ठेवलात तर तोच गंधार हळवा होईल, कारण तो धैवताचा पंचम ठरतो. मला हा धैवत फार आवडतो. आठ मात्रा षड्ज, आठ मात्रा धैवत असंही करून पाहा. भूपात वर्ज्य असलेला मध्यमही बेसला चालेल, पण रागाचा रंग बदलेल.

जुन्या रेकॉर्डची पट्टी अनेकदा कीबोर्डच्या दोन सुरांच्या मधे पडते. सॅम्पल आधी जुळवून घ्या, नाहीतर योग्य सूरही बेसूर लागेल. त्यात तानपुऱ्याचा खर्ज असेल, तर साधारण १५० हर्ट्झखालचा भाग फिल्टरनं कमी करा. गाणं प्रसिद्ध करण्यापूर्वी मात्र हक्कधारकांची परवानगी घ्या.