सुरगाण्याचा पाऊस, विहीर आणि समुद्र : पाण्याच्या संशोधनातील करिअर

सुरगाणा तालुक्यावर कोसळणारा पाऊस नार, पार आणि अंबिका या नद्यांतून पश्चिमेला उतरतो आणि गुजरात ओलांडून अरबी समुद्राला मिळतो. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत. तीव्र उतारावरचे बरेचसे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. या एकाच प्रश्नात वातावरणशास्त्र, भूजलशास्त्र आणि समुद्रविज्ञान एकत्र येतात, कारण मोसमी पावसाचे बाष्पही समुद्रावरूनच येते.

या क्षेत्राचा खरा निर्णय अकरावीत होतो. केवळ जीवशास्त्राच्या ओढीने गणित सोडले, तर हवामान आणि समुद्री प्रवाहांच्या अभ्यासाची वाट जवळजवळ बंद होते. शक्य असल्यास दोन्ही विषय ठेवावेत. पदवीलाही आकर्षक नावाच्या अभ्यासक्रमापेक्षा भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र यांतला एखादा मूळ विषय पक्का करणे अधिक हिताचे. विशेषीकरण एम.एस्सी.ला करता येते.

सुरगाण्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळची शाखा भूजलाची. भूशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात जाता येते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते; तिथेही भूवैज्ञानिक लागतात. झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या उताराखाली विहीर टिकते, हे लहानपणापासून पाहिलेल्या मुलाला या अभ्यासात मोठा आधार असतो. या अनुभवाला घरच्यांनी कमी लेखू नये.

वातावरणशास्त्रासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करता येते. 1962 मध्ये पुण्यात सुरू झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था मोसमी पावसावर संशोधन करते. ढगांच्या अभ्यासासाठी तिची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे. समुद्रविज्ञानाचे मोठे केंद्र म्हणजे गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना 1966. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर येथे मिळते, पुढचे शिक्षण मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत.

सागरी वन्यजीवांचे काम थोडे आणि स्पर्धा मोठी आहे. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवण्यात आले. अशा प्रकल्पात प्राणिशास्त्राइतकीच संख्याशास्त्र आणि संगणकाची गरज असते.

पालकांची मुख्य चिंता पैशाची, आणि ती रास्त आहे. पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे जातात, कायमच्या जागा मोजक्या असतात आणि प्रकल्पांतील नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात. मात्र पीएच.डी.चा काळ बिनपगारी नसतो. नेट परीक्षेच्या पृथ्वी, वातावरण, समुद्र व ग्रहविज्ञान या विषयातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे मिळते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची पीएच.डी.साठी स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही आहे. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते हाती येण्यास वेळ लागत असल्याने बारावीच्या निकालाची वाट न पाहता कनिष्ठ महाविद्यालयामार्फत आधीच अर्ज करावा.