साखरेची तलफ आणि वेबरचा नियम

गेल्या वर्षी माझ्या रक्ततपासणीचा अहवाल पाहून डॉक्टर म्हणाले, "रक्तातली साखर हद्दीपाशी येऊन ठेपली आहे. चालणे वाढवा आणि वरून घातलेली साखर कमी करा." मधुमेहामुळे माझ्या वडिलांची दृष्टी अधू झाली होती. त्यामुळे हा सल्ला मनाला लागला.

त्याच दिवशी मी साखर संपूर्ण बंद केली. तीन दिवस निश्चय टिकला. चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर मी फडताळ उघडले आणि उभ्याउभ्या पाच पेढे संपवले. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहताना मला माझीच लाज वाटली. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो : आधी मोजा, मग ठरवा. मी स्वतः मात्र काहीच मोजले नव्हते!

साखर किती?

घरच्या काट्यावर शीग लावून भरलेला माझा चमचा ६ ग्रॅम भरला. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे ६ × २ × ४ = ४८ ग्रॅम. एका ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणजे नुसत्या चहातून मी १९२ किलोकॅलरी घेत होतो.

वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस यांतून मिळणारी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्यासाठी या मर्यादा ५० आणि २५ ग्रॅम होतात. माझा बहुतेक सगळा वाटा चहातच संपत होता. आई म्हणाली, "मग गूळ घाल." पण गुळातही बहुतांश साखरच असते. तिचा हिशेब चुकत नाही.

तलफ म्हणजे काय?

भूक आणि तलफ यांत फरक आहे. भुकेला भाकरी चालते, तलफेला पेढाच लागतो. ती बहुधा एखाद्या खुणेबरोबर येते. प्रात्यक्षिकाचा तास संपल्याची घंटा झाली की मला गोड चहा आठवे. ठरावीक खुणेनंतर अन्न मिळते हे शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांच्या तोंडाला नुसत्या खुणेनेच पाणी सुटे, तसाच हा प्रकार!

खूण मिळाली की मन त्या पदार्थाचे चित्र रंगवू लागते आणि तलफ वाढते. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. तलफ आलेल्या काही जणांना त्यांनी तीन मिनिटे टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ दिला. इतरांना खेळ सुरू होण्याची नुसती वाट पाहत बसवले. खेळणाऱ्यांची तलफ अधिक कमी झाली. मनाचा पडदा ठोकळ्यांनी व्यापला की पेढ्याच्या चित्राला जागा कमी उरते.

मी तलफ आल्याची वेळ वहीत टिपू लागलो आणि त्या वेळी भिंगातून जाणाऱ्या किरणांच्या आकृत्या काढू लागलो. दहा वाजून दहा मिनिटांनी आलेली तलफ बहुतेक रात्री साडेदहापर्यंत ओसरलेली असे. तिचा आलेख चढतो तसा उतरतोही. तो उतरेपर्यंत थांबायचे, एवढेच आपल्या हाती असते.

जिभेला न कळेल अशी कपात

आता चहाकडे वळू. लाइपझिगचे शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ च्या सुमारास वजनाच्या जाणिवेचा अभ्यास केला. हातात ५० ग्रॅम वजन असताना १० ग्रॅमची भर कळते. पण हातात एक किलो असेल, तर तेवढीच भर कळत नाही. म्हणजे फरक जाणवणे हे मूळ राशीशी असलेल्या त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. चवीलाही हा नियम स्थूलमानाने लागू पडतो.

समजा, मी दर आठवड्याला कपामागे एक ग्रॅम साखर कमी केली. १२ वरून ११ ही बाराव्या भागाची कपात झाली, पण ४ वरून ३ ही चौथ्या भागाची! तेथे जीभ तक्रार करणारच. म्हणून दर वेळी एक दशांश कपात करायची : १२, १०.८, ९.७, ८.७... ही भूमिती श्रेढी आहे. सातव्या कपातीला साखर निम्म्याखाली येते आणि तेराव्या कपातीला सुमारे पाव उरते. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य शिकलात, त्याचाच हा भाऊबंद.

दर रविवारी मुलगी आठवड्याची साखर तोलून तिच्या अठ्ठावीस पुड्या बांधी. पहिल्या आठवड्यात ३३६ ग्रॅम, दुसऱ्यात ३०२, तिसऱ्यात २७२. कॉलेजातही मी बिनसाखरेचा चहा मागवून त्यात माझी पुडी टाके. तीन महिन्यांनी एका लग्नातला चहा मला पाकासारखा लागला!

असा बदल मोजलाही गेला आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्राने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साखर बरीच कमी केलेल्या लोकांना तेच पुडिंग दोन-तीन महिन्यांनी अधिक गोड लागले. मात्र पथ्य संपून साखर पूर्ववत होताच हा बदलही ओसरला. याचा अनुभव मला दिवाळीत आला. आठवडाभर फराळ खाल्ल्यावर माझा चहा फिका लागू लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, दोन पायऱ्या वर जाऊन पुन्हा उतरा." तसेच केले.

पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. पण मी चालणेही वाढवले होते, तेव्हा सारे श्रेय साखरेच्या कपातीला देणे शास्त्राला धरून होणार नाही.

करून पाहा

तीन भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पिण्याचे पाणी घ्या. त्यांत अनुक्रमे ४०, ३६ आणि २८ ग्रॅम साखर विरघळवा. भांड्यांवर केवळ खुणा करा. घरातल्यांना घोटभर चाखायला देऊन गोडीनुसार क्रम लावायला सांगा. दोन घोटांमध्ये साध्या पाण्याने चूळ भरायला लावा. कोणती जोडी ओळखताना अधिक चुका होतात?

एक सूचना : वाढत्या वयात जेवण कमी करू नका. कपात फक्त वरून घातलेल्या साखरेची करायची आहे. ज्यांना मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात बदल करू नये.