समुद्र सहा महिने बंद!

बीच म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. यावेळी जरा लांब जाऊया, फिलिपीन्सला. तिथे बोराकाय नावाचं जेमतेम १० चौरस किलोमीटरचं बेट आहे. त्याच्या पश्चिमेला सुमारे ४ किलोमीटरचा पांढराशुभ्र किनारा, त्याचं नावच व्हाइट बीच. ही वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेली, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पांढरी असल्यामुळे ती उन्हात फारशी तापत नाही, भर दुपारी अनवाणी चाला!

२०१७ मध्ये इथे २० लाखांच्या आसपास पर्यटक आले. आणि २६ एप्रिल २०१८ ला सरकारने अख्खं बेट पर्यटकांसाठी बंद केलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला चक्क सांडपाण्याचं डबकं म्हटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, प्लॅस्टिकचा कचरा झाला असेल. तो होताच, पण खरी भानगड जमिनीखाली होती. कित्येक हॉटेलांनी आपलं मैलापाणी पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडलं होतं आणि ते गटार थेट समुद्रात! सेप्टिक टँक असला तरी काम भागत नाही. टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्याबरोबर बाहेर पडतो. वाळूच्या जमिनीतून तो झिरपत किनाऱ्याला पोचतो. शेवाळाला हे आयतं खतच. शेवाळ माजलं की प्रवाळाचा प्रकाश अडतो, प्रवाळ मरतं. आणि वाळू कशाची बनते ते वर सांगितलंच आहे. म्हणजे संडासाची लाइन चुकीच्या ठिकाणी जोडली की काही वर्षांनी वाळूचा सप्लायच बोंबलतो. सिव्हिलवाल्यांनो, तुमचा ड्रेनेजचा 'बोअर' पेपर तो हाच बरं का.

बंदच्या काळात गटारांची कामं झाली, किनाऱ्यालगतची अनेक बांधकामं पाडली. त्यात हजारो कामगारांचा रोजगार बुडाला. वेटर, होडीवाले, मसाजवाल्या बायका, यांनी काही पाइप जोडले नव्हते. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

२६ ऑक्टोबर २०१८ ला बेट पुन्हा उघडलं, पण हिशोब करून. एका वेळी १९,२१५ पर्यटक आणि रोज नवे ६,४०५. भागाकार करून पाहा, बरोब्बर ३ येतात, म्हणजे सरासरी मुक्काम ३ दिवसांचा धरलाय. आपली मेस किती जणांचा स्वयंपाक झेपवू शकते, तसंच हे गणित. शिवाय बीचवर दारू-सिगारेट बंद, आणि वाळू बाटलीत भरून घरी न्यायलाही मनाई.

मग मजा काय राहिली? भरपूर! साधारण नोव्हेंबर ते मे ईशान्येकडून 'अमिहान' वारा वाहतो. तेव्हा व्हाइट बीचचं पाणी शांत, पोहायला एकदम झकास. त्याच वेळी पूर्वेकडच्या बुलाबोगला वारा भन्नाट, तिथे काइटसर्फिंग चालतं. पावसाळी 'हबागात' वारा आला की सगळं उलटं. संध्याकाळी 'पाराव' नावाच्या शिडाच्या होडीत जरूर बसा. दोन्ही बाजूंना बांबूचे आधार, ना इंजिन, ना डिझेलचा वास. फक्त रूम बुक करताना तलाव आणि वायफायबरोबर एक जास्तीचा प्रश्न विचारा: तुमचं सांडपाणी जातं कुठे?