अंत्यविधीचा खर्च: कोठे होतो आणि कोठे आवरता येतो

महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांत अंत्यविधीचा मोठा खर्च चितेवर होतो, ही समजूत हिशेब मांडून पाहिला असता सहसा टिकत नाही. तिरडीचे बांबू, कोरे कापड, मडके, गोवऱ्या आणि सरणाची लाकडे यांना लागणारी रक्कम मर्यादित असते, आणि शहरात विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी निवडल्यास सरणासाठी लागणारी सुमारे 300 किलो लाकडेही वाचतात. सामान्य घराला कर्जाच्या दारात नेऊन उभे करतो तो दहाव्यापासून तेराव्या-चौदाव्यापर्यंतचा खर्च, आणि त्यामागे धर्माज्ञेपेक्षा भावकीच्या बोलण्याची भीती अधिक असते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी व आप्तांकडे झालेल्या मृत्यूंच्या वेळी असे दिसून आले की, खर्चाची दिशा मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरून जाते. त्या वेळी सर्वांत जवळची माणसे व्यवहार पाहण्याच्या स्थितीत नसतात; त्यामुळे ज्यांच्या खिशाला झळ बसणार नाही असे दूरचे नातलग आणि शेजारी निर्णय घेऊ लागतात, आणि त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नसली तरी ‘आता पैशाकडे काय पाहायचे’ या एका वाक्यावर पुढची सारी रक्कम मोजली जाते. अशाच एका प्रसंगी रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या खाजगी शववाहिकेचे भाडे कोणतीही विचारणा न होता दिले गेले, परगावच्या नातलगांची वाट पाहण्यासाठी शीतशवपेटी, म्हणजे मृतदेह थंड ठेवणारी भाड्याची पेटी, गरजेपेक्षा अधिक काळ ठेवली गेली, आणि महापालिकेच्या शववाहिकेची चौकशी मात्र कोणाला सुचली नाही. यावरून निघणारा पहिला नियम असा की, व्यवहार पाहणारी एकच व्यक्ती आधीपासून ठरलेली असावी. ती शक्यतो जावई, भाचा किंवा स्नेही अशी थोडी अंतरावरची, परंतु घरची परिस्थिती पुरती जाणणारी असावी, आणि पैसे तिच्याच हातून खर्च व्हावेत.

या व्यक्तीला काही नियम ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. बिलाचा वाद मिटलेला नाही एवढ्या कारणावरून रुग्णालयाने मृतदेह अडवून ठेवू नये, असा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नमूद आहे. अंत्यसंस्काराच्या सेवा आणि मृतदेहाची वाहतूक 2017 च्या वस्तू व सेवा कर कायद्याने कराच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणून शववाहिकेच्या भाड्यावर जीएसटी लावलेला आढळल्यास त्यास हरकत घ्यावी. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावे, अशी तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मध्ये आहे, आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केल्यास विलंबशुल्क व पुढील परवानग्यांचा खटाटोप टळतो.

खर्चाचा खरा विस्तार दशक्रियेपासून सुरू होतो. नदीकाठचा मंडप, ध्वनिक्षेपक, प्रवचनकाराची बिदागी, चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फ्लेक्स, दुखवट्याच्या नावाने सोयऱ्यांमध्ये फिरणाऱ्या साड्या आणि टॉवेल-टोप्या, आणि शेवटी गोडाचे गावजेवण, असा हा क्रम अनेक गावांत रूढ झाला आहे. यातील बहुतेक बाबींना शास्त्राचा आधार नाही; किंबहुना मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या वेळी मोजकेच ब्राह्मण जेवू घालावेत, आणि श्रीमंतानेही हा विस्तार करू नये, असे सांगितले आहे. त्या ग्रंथाचा सर्वस्वी अव्हेर करणाऱ्या जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने मध्यस्थावाचून साधे विधी करण्याचा पुरस्कार केला, आणि गाडगेबाबांनी कीर्तनांतून कर्ज काढून जेवणावळी घालण्यावर कोरडे ओढले. परस्परांना टोकाचा विरोध असलेल्या या परंपरा विधीचा डामडौल आवरावा या एका मुद्द्यावर जवळ येतात; म्हणून तो डामडौल टाळल्याने मृताचा अपमान होतो असे म्हणण्यास आधार उरत नाही. जेवण घातले नाही म्हणून एखाद्या कुटुंबाला जातपंचायतीने वाळीत टाकले, तर सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणाऱ्या महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.

काटकसर म्हणजे विधी गुंडाळणे नव्हे. मृताला स्नान घालणे, घरच्यांनी खांदा देणे, अग्नी देणे, अस्थी गोळा करणे आणि आप्तांनी एकत्र बसून आठवणी सांगणे यांना फारसा पैसा लागत नाही, आणि सन्मान याच कृतींत असतो. अस्थी दूरच्या तीर्थक्षेत्री नेण्याऐवजी जवळच्या नदीत विसर्जित करता येतात. काही गावांत रक्षा पाण्यात न सोडता शेतात मिसळून तेथे झाड लावले जाते, आणि त्यामुळे प्रवासखर्चाबरोबर नदीचे प्रदूषणही टळते. देहदानाचा विचार असल्यास वैद्यकीय महाविद्यालयाशी आधी बोलून ठेवावे. मात्र अपघाती मृत्यू, शवविच्छेदन किंवा संसर्गजन्य आजार असल्यास देह नाकारला जाऊ शकतो, म्हणून दहनाची पर्यायी तयारी असावी. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, आणि त्यामुळे अंत्यविधीला अडथळा येत नाही.

ज्या घरात कमावते माणूस गेले आहे, तेथे हक्काच्या मदतीची चौकशी लगेच करावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराच्या अंत्यविधीसाठी कमाल 15,000 रुपये मिळतात, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील 18 ते 59 वर्षे वयाच्या मुख्य कमावत्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून 20,000 रुपयांचे एकरकमी साहाय्य दिले जाते. सावकाराकडे जाण्यापूर्वी या दोन्ही वाटा तपासून पाहाव्यात.

या सर्व उपायांपेक्षा परिणामकारक असा उपाय जिवंतपणीच करता येतो. दाहिनी की सरण, अस्थी कोठे, जेवण घालायचे की नाही, दुखवट्याची देवाणघेवाण बंद ठेवायची का, खर्चाची मर्यादा किती आणि व्यवहार कोणी पाहावा, एवढ्या गोष्टी घरातील ज्येष्ठाने स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून दोन विश्वासू माणसांकडे द्याव्यात. मुलाने जेवण नाकारले तर त्याला कंजूष म्हटले जाते. तेच वडिलांच्या अक्षरात लिहिलेले असेल तर भावकीला ती मृताची इच्छा म्हणून मानावी लागते. म्हणून मुलांवर हा बोल येऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांनी तो कागद आजच लिहावा.