हेडफोन वाजतो, माइक मात्र सापडत नाही

प्रश्न : मोबाइलवर नीट चालणारा हेडसेट डेस्कटॉपला लावला की आवाज ऐकू येतो, पण माइक यादीत दिसतच नाही. माइक बिघडला असेल का?

उत्तर : मोबाइलवर चालणारा माइक बिघडलेला नाही. संशय घ्यायचा तो पिनेचा. तुमच्या हेडसेटची ३.५ मिमीची पिन नीट पाहा; तिच्यावर तीन पट्टे, म्हणजे चार भाग असतील: डावा, उजवा, अर्थिंग आणि माइक. डेस्कटॉपचे हिरवे आणि गुलाबी जॅक मात्र तीन भागांच्या पिनेसाठी असतात. हिरव्यात दोन्ही कानांना आवाज मिळतो, पण माइकची जोडणीच होत नाही. गुलाबीत माइकच्या जागी डावा स्पीकर येतो.

ड्रायव्हरचा दोष नसेल कशावरून? आवाज ऐकू येतोय म्हणजे साउंड चिप आणि तिचा ड्रायव्हर बहुधा ठीक आहेत. विंडोजमध्ये माइकची परवानगी बंद असली, तरी माइक यादीत दिसतो, फक्त ॲपपर्यंत आवाज पोचत नाही. तुमचं लक्षण वेगळं आहे. तेव्हा विंडोज नव्याने टाकायच्या भानगडीत पडू नका. एका पिनेचे हेडफोन आणि माइक असे दोन फाटे करणारा स्प्लिटर घ्या. दुकानात अनेकदा दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर हातात पडतो. तो इथे निरुपयोगी. जोडणी मागच्या जॅकमध्ये करा, कारण कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर कधी कधी मदरबोर्डला जोडलेलीच नसते. एवढ्यानेही माइक दिसला नाही, तर यूएसबी साउंड कार्ड लावा.